गडहिंग्लजची थ्री-फिफ्टीन

दिल्लीहून मंजुरी आली तेव्हा प्रसेनजीतला ऑक्सिजनची नळी लागून पंधरवडा उलटला होता. विजयसिंह राजारामपुरीतल्या त्याच्या फ्लॅटचा जिना धापा टाकत चढला आणि दारातूनच म्हणाला, "झालं. सही झाली."

प्रसेनजीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. त्यानं मान वर केली, हसला आणि काही बोलायच्या आत त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत विजयसिंह तसाच उंबऱ्यात उभा राहिला.

"आता रायफल बघ," प्रसेनजीत म्हणाला. "लवकर बघ."

दोघांची दोस्ती नेमबाजीच्या रेंजवरची. विजयसिंहचा उद्यमनगरात टूलरूमचा कारखाना होता, प्रसेनजीत कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. पोरगेलेपणापासून दर रविवारी सकाळी दोघं शेजारीशेजारी पालथे पडून कागदी लक्ष्यावर गोळ्या मारायचे, मग मिसळ खायची, आणि कुणाचा नेम का हुकला यावर दुपारपर्यंत भांडायचं. शिकार दोघांनीही कधी केली नाही. मेडलं मिळाली ती तालुक्या-जिल्ह्याची. पण आपण शिकवलेल्या पोरी पुढं राज्याबाहेर जाऊन आल्या, याचं दोघांना फार अप्रूप होतं.

त्या पोरींमुळंच हे खूळ डोक्यात शिरलं. छोट्या रायफलीवर पोरी कमाल करायच्या आणि मोठ्या रायफलीपाशी येऊन अडायच्या. देशात सहज मिळणारं मोठं काडतूस म्हणजे थ्री-फिफ्टीन. ते जुनं, जाडजूड, आणि खांद्याला घोड्यानं लाथ घातल्यागत धक्का देणारं. परदेशी काडतूस घ्यायचं तर शेतकऱ्याच्या घरात ते परवडायचं नाही. प्रसेनजीतनं एकदा मिसळीच्या ताटावरच सांगून टाकलं होतं, की याच थ्री-फिफ्टीनच्या पितळी कवचाचं तोंड अरुंद करून त्यात बारीक गोळी बसवली तर धक्का निम्म्यावर येईल आणि नेमही सरळ जाईल. आपलं स्वतःचं काडतूस. कोल्हापूरचं.

असलं काम घरी बसून करता येत नाही, कायदा करू देत नाही. शहरातल्या एका परवानाधारक बंदूक कारखानदाराला दोघांनी गळ घातली, त्याच्या नावानं अर्ज दिल्लीला गेला. मग वर्षंच्या वर्षं त्या अर्जावर त्रुटी निघत राहिल्या आणि इकडं प्रसेनजीतची फुफ्फुसं दगडासारखी होत गेली. नेमबाजाला श्वास अर्ध्यावर रोखून धरता यावा लागतो. प्रसेनजीतला तो घेताच येईना झाला.

रायफल स्वस्तातलीच हवी, हा हट्ट त्याचा.

"महागड्या रायफलीवर काहीही चालतंय रे," तो म्हणायचा. "गावातल्या एखाद्या घराला परवडेल अशा जुन्या बोल्टच्या रायफलीवर हे चाललं, तर खरं."

म्हणजे जुनी थ्री-फिफ्टीन. रायफलीची नळी झिजलेली असली तरी चालणार होतं, कारण नळी बदलायचीच होती. बोल्ट आणि तो ज्यात बसतो ते पोलादी घर मात्र ठणठणीत हवं. स्फोटाचा सगळा भार त्यावर.

विजयसिंह शोधाला लागला. शहरातल्या दुकानात नवी रायफल मागवायची तर सहा-आठ महिने थांबा म्हणाले. तेवढं थांबायचं कुणाच्या जिवावर? प्रसेनजीतची मुलगी श्रुती पुण्याहून आली होती. तिनं जिन्यात गाठून हळूच सांगितलं होतं, "काका, डॉक्टर म्हणतात दिवाळी अवघड आहे. बाबांना बोलू नका." त्यानं मान हलवली होती.

गडमुडशिंगीत गणपतराव म्हणून एकाची रायफल विकायची आहे असं कळलं, तेव्हा तो भर पावसात तिकडं गेला. गणपतरावांनी माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेली वस्तू काढली. बोल्ट ओढला तर आतून वाळू घासल्यासारखा आवाज आला. बोल्टचे दात गंजानं खाल्ले होते.

"आजून उडतीय की," गणपतराव म्हणाले.

"उडतीय व्हय. फुडं उडतीय का मागं, ते बघाय पायजे," विजयसिंह म्हणाला आणि पोतं परत गुंडाळून दिलं.

शेवटी गडहिंग्लजकडची खबर लागली. गडहिंग्लज गावापासून थोडं बाहेर, उसाच्या पट्ट्यात आकाराम नावाच्या शेतकऱ्याकडं एक थ्री-फिफ्टीन होती. फोनवर तो तुटक बोलला. "या. बघा. पटली तर न्या."

घर रस्त्याला लागूनच होतं. आकाराम पन्नाशीतला, अंगानं रोड, दाढी वाढलेली. त्यानं रायफल आणली ती अंगापासून लांब धरून, आणि बाजल्यावर ठेवून बाजूला झाला. विजयसिंहनं आधी नळीतून उजेड बघितला, मग बोल्ट उघडला. जरा बोट लावलं तसा तो आवाज न करता मागं सरकला. दात चकचकीत. बोल्टच्या घराच्या आत एक ओरखडा नाही. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. इतकी स्वच्छ जुनी रायफल त्यानं बघितली नव्हती.

"कुणाची ही?"

"आण्णांची. वडील माझं. दसऱ्याला पुजायचे. गवं नाहीतर डुकरं आली तर वर उडवायचे. बास."

"तुमी काय घेणार?"

आकारामनं आकडा सांगितला. विजयसिंहला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. गंजलेल्या रायफलीलाही त्याहून जास्त मागितले होते.

"एवढ्या कमीत का देताय?"

"लायसन फुडं मिळणार न्हाय. कलेक्टर हापिसातनं मुदत दिलीया. इका न्हायतर जमा करा म्हंत्यात."

आतून आकारामची बायको धोंडुबाई आली, चहाचे कप उंबऱ्यावरच ठेवले आणि बाजल्याकडं न बघता मागं फिरली. आकाराम ती आत जाईपर्यंत थांबला.

"पावणं, सांगितल्याबिगर देणार न्हाय तुमाला," तो म्हणाला. "हिनं माणूस मेलाय."

विजयसिंहचा हात बोल्टवरच राहिला.

"चार हंगामांमागं उसाला टोळी आलती. बीडकडची. डुकरांनी लई नासाडी केलती, म्हणून मी पाटंचं राखणीला गेलतो. ऊस हालला. हाळी दिली. परत हालला. माझ्या मनानं घेतलं, डुक्करच हाय. वर उडवायची सवय, पर त्या दिशी हात खाली आला." तो थांबला. "परसाकडला बसला हुता त्यो. थंडीचं कानाला फडकं बांधल्यालं. हाळी आयकायलाच गेली नसंल."

"कोर्टात?"

"सुटलो. रायफल बी परत दिली. तेच्याकडनं साक्षीला कोण आलंच न्हाय. टोळी गेली निघून. वकील म्हटला, नशीबवान हाईस."

बाहेर रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. 

"तुमी फोनवर नळी बदलणार म्हटला," आकाराम म्हणाला. "मग ही तीच ऱ्हाईल का दुसरी हुईल?"

विजयसिंहनं आयुष्यभर लोखंडात काम केलेलं. तो खरं तेच बोलून गेला. "नंबर ह्या घरावर असतोय. कायद्यानं तीच."

आकारामनं मान डोलावली. बोलल्यावर विजयसिंहला चुटपुट लागली, पण शब्द गेला तो गेला. त्यानं दोस्तासाठी रायफल घेतो म्हणून सांगितलं, हव्या त्या कोनातून फोटो काढले आणि निघाला.

संकेश्वरवरून हायवेला लागेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढं ते कानाला बांधलेलं फडकं होतं. प्रसेनजीतला हे सांगायचं की नाही? उद्याही सांगता येईल, असं त्यानं कागलपर्यंत स्वतःला समजावलं. कागल ओलांडल्यावर त्याला वाटायला लागलं, सांगायचंच कशाला? पोलाद ते पोलाद. मरणाच्या दारातल्या माणसाच्या डोक्यात आणखी एक मरण कशाला घालायचं?

संध्याकाळी त्यानं फोटो दाखवले. प्रसेनजीतनं मोबाइल डोळ्यांपाशी नेऊन एकेक फोटो मोठा करून बघितला. बोल्ट कसा सरकतो ते पुन्हा पुन्हा विचारलं. विजयसिंहनं हातानं करून दाखवलं. किती तरी दिवसांनी प्रसेनजीतच्या चेहऱ्यावर तजेला आला. नळी कुठली मागवायची, खांद्याला टेकायचा दस्ता किती कमी करायचा, पहिली गोळी आपल्या कुठल्या पोरीला मारायला द्यायची, हे सगळं तो धाप लागेपर्यंत बोलत राहिला. "मी टेबलावर टेकून एक मारीन," तो म्हणाला. "एवढा कमी धक्का मलासुद्धा सोसंल."

दुसऱ्या दिवशी जिन्यात मीनाबाई भेटल्या, प्रसेनजीतची बायको. डोळे पुसत म्हणाल्या, "भावजी, काल दोन भाकरी खाल्ल्या हो त्यांनी. महिन्यात पहिल्यांदा."

मग विजयसिंहनं तोंडाला कुलूपच घातलं. कागदपत्रं सुरू केली. रोज संध्याकाळी जाऊन काही ना काही सांगायचं. नळीची चौकशी केली, कारखानदार खूश आहे, आकारामचे कागद निघाले. त्यातलं अर्धं खरं असायचं. प्रसेनजीत जेवत होता, एवढंच त्याला दिसत होतं.

एका संध्याकाळी प्रसेनजीत म्हणाला, "त्या आकारामचा नंबर दे."

"कशाला?"

"रायफलीतनं किती गोळ्या गेल्यात विचारतो. कधी शेवटची मारली, कुठलं काडतूस घातलं. बोल्टच्या घराचा अंदाज येतो."

"मी विचारतो की."

"तुला चार वेळा सांगितलं विचार म्हणून." यंत्राच्या घरघरीत त्याचा आवाज बारीक येत होता, पण नजर रेंजवर असायची तशीच होती. "एवढी चांगली वस्तू एवढी स्वस्त का, हे पण तू सांगितलं नाहीस. काय आहे, विज्या?"

विजयसिंहनं स्वयंपाकघराकडं बघितलं. मीनाबाई आत भाजी निवडत होत्या. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पहाट, ऊस, टोळी, कोर्ट.  सांगून झाल्यावर प्रसेनजीत खिडकीबाहेर बघत राहिला. खाली क्लास सुटलेली पोरं गाड्या काढत होती, हॉर्न वाजत होते.

"मला बोल्टला हात लावायची भीती नाही वाटत," तो शेवटी म्हणाला. "तू सांगितलं का नाहीस?"

"तुला त्रास नको म्हणून."

"हेच. हेच सगळे करतात आता. डॉक्टर माझ्याशी क्रिकेटचं बोलतो. मीना म्हणते पाऊस गेला की बरं वाटेल. श्रुती येते, हसते आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. सगळे खोटं बोलतात. तू तेवढा राहिला होतास." त्यानं दम घेतला. "माझा नेम वाईट गेला की तू तोंडावर सांगायचास. तीस वर्षं."

विजयसिंहला मान वर करवेना.

"आता एक खरं सांग. श्रुतीनं तुला काय सांगितलंय? डॉक्टर काय म्हणाले?"

"प्रसेन, राहू दे की."

"सांग."

"दिवाळी अवघड हाय म्हणाले."

प्रसेनजीतनं मान डोलावली, वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर डोलवावी तशी. "आणि नळी यायला?"

"कारखानदार म्हणतोय, पौष तरी."

"म्हणजे मी असताना ही रायफल होणारच नव्हती. तू हिशोब केलाच असशील."

"केलता."

"मग कशाला पळत होतास गडमुडशिंगीला नि गडहिंग्लजला?"

"तू जेवत हुतास," विजयसिंह म्हणाला. "फोटो बघितलास त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्यास."

 मीनाबाई दिवा लावायला बाहेर आल्या, दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता बटण दाबून परत गेल्या.

"माझ्यासाठी घेऊ नकोस," प्रसेनजीत म्हणाला. "तुला करायचं असेल तर घे. पोरींसाठी घे. माझ्या जेवणासाठी नको." मग त्यानं विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

"आकाराम."

"त्याचं नाही. मेला त्याचं."

विजयसिंहनं ते विचारलंच नव्हतं. बोल्टचे दात, बोल्टचं घर, नंबर, सगळं बघितलं होतं आणि माणसाचं नाव विचारायचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"विचार," प्रसेनजीत म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

खाली येऊन त्यानं गाडीपाशी उभं राहूनच फोन लावला. आकारामनं उचलला.

"घेताय न्हवं?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"त्याचं सांगतो नंतर. एक विचारायचं हुतं. त्यो माणूस... काय नाव तेचं?"

 पलीकडून आवाज आला, "सुग्रीव. बायकू हाय, दोन पोरी हायत. आडनाव, गाव सांगू?"

"नको, बास," विजयसिंह म्हणाला. आकारामला ते सांगायचं होतं, कुणीतरी ऐकून घ्यावं असं होतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो राजारामपुरीत गेला तर फ्लॅटला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, पहाटे सरांना दवाखान्यात नेलं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर मीनाबाई बाकावर बसल्या होत्या, श्रुती फोनवर कुणाला तरी कळवत होती. दुपारी त्याला थोडा वेळ आत सोडलं. प्रसेनजीतच्या तोंडावर मोठा मास्क होता, छाती भात्यासारखी हलत होती, पण डोळे उघडे होते.

विजयसिंह त्याच्या कानाशी वाकला. "सुग्रीव नाव होतं त्याचं," तो म्हणाला. "दोन पोरी हायत."

प्रसेनजीतची नजर त्याच्याकडं वळली. मास्कच्या आत ओठ हलले. काय म्हणाला ते यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही. विजयसिंहनं पुन्हा कान नेला, तेवढ्यात नर्सनं बाहेर व्हायला सांगितलं. ते शब्द काय होते, हे त्याला कधीच कळलं नाही. प्रसेनजीत त्याच आठवड्यात गेला. घरी बुद्धवंदना झाली, माणसं आली, कॉलेजातली मुलं-मुली आली, रेंजवरच्या पोरी एका कोपऱ्यात रांगेनं उभ्या राहिल्या. विजयसिंहनं सगळं उभ्यानं केलं आणि घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठला नाही.

महिन्याभरानं आकारामचा फोन आला. मुदत संपत आली होती.

"न्हाय घेत," विजयसिंहनं सांगितलं. "माफ करा. थांबवून ठेवलं तुमाला."

"दुसरं गिऱ्हाईक आलतं," आकाराम म्हणाला. "डुकरं माराय पायजे म्हणत हुतं. तेला न्हाय म्हटलं."

"मग ठाण्यात जमा करा. मोडीत काढा म्हणून अर्ज द्या."

आकाराम घुटमळला. "त्याच ठाण्यात जायाचं, पावणं. त्या दिशी जिथं नेलतं तिथंच. दोनदा दारापतूर गेलतो. जाववंना झालंय."

विजयसिंहनं क्षणभर विचार केला. "मी येतो," तो म्हणाला. "उद्या सकाळी या ठाण्यापाशी."

आकाराम आणि धोंडुबाई दोघंही आली होती. रायफल कापडात गुंडाळलेली. आत जायच्या वेळी आकाराम पायरीपाशीच अडला, तेव्हा विजयसिंहनं त्याचं कोपर धरलं. हवालदारानं लायसन बघितलं, नंबर ताडून घेतला, बोल्ट ओढून पाहिला.

"चांगली हाय की वो," तो म्हणाला. "मोडीत कशाला घालताय?"

 "तसंच लिहा साहेब," विजयसिंह म्हणाला. हवालदारानं खांदे उडवले, रायफलीला चिठ्ठी बांधली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. मोडीत काढायचा हुकूम वरून येणार होता, कधी ते त्यालाही माहीत नव्हतं. आकारामनं सही केली. त्या सगळ्याला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

बाहेर झाडाखाली धोंडुबाई उभ्याच होत्या.

"दिली?"

"दिली," आकाराम म्हणाला. तो कट्ट्यावर बसला. हलकं वाटेल असं त्याला वाटलं असावं, पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. थोड्या वेळानं तो आपल्याशीच बोलल्यागत म्हणाला, "आता घरात काय ऱ्हायलं न्हाय. तरीबी हाय ते हायच."

धोंडुबाई विजयसिंहकडं वळल्या. "आमच्यापायी तुमच्या दोस्ताचं काम आडलं आसंल."

"दोस्त गेला, वहिनी. महिना झाला."

त्यांनी पदर सारखा केला. "वय काय हुतं?"

"माझ्याएवढंच."

"पोरंबाळं?"

"एक मुलगी. तिकडं पुण्याला असती."

आकारामनं मान वर करून त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.  धोंडुबाई म्हणाल्या, "जेवल्याबिगर जाऊ नका, पावणं. भाकरी टाकायला येळ लागत न्हाय." विजयसिंहला नाही म्हणता आलं असतं. तो त्यांच्याबरोबर गेला, ओसरीत बसून त्यांनी वाढलं ते जेवला. 

कारखानदारानं नंतर दोन-तीनदा विचारलं, दुसरी रायफल बघू का म्हणून. विजयसिंह बघू म्हणत राहिला. दिल्लीच्या मंजुरीची मुदत मार्चात संपली, ती वाढवून मागायचा अर्ज त्यानं केला नाही. रविवारी सकाळी तो अजून रेंजवर जातो. पोरींच्या मागं खुर्ची टाकून बसतो, कुणाचा नेम वाईट गेला तर तोंडावर सांगतो. त्यांच्या मोठ्या रायफलीचं काय झालं, असं एकदा एकीनं विचारलं होतं.

"न्हाय जमलं," तो म्हणाला. "चल, पुढची मार."